उभ्या गाडीवर न विचारता बसलेल्यांना तुम्ही कसं उठवता?

पंचगंगाकाठ :

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. सकाळची फेरी सहाच्या आधी सुरू होते, कारण उपाशीपोटीची साखर तपासायची असलेली म्हातारी माणसं चहावाचून ताटकळलेली असतात. संध्याकाळी तापाच्या पेशंटच्या पेशी बघायला पुन्हा बाहेर पडते, आणि पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की ही फेरी रात्रीपर्यंत लांबते. माझ्याकडे सव्वाशे सीसीची मोटारसायकल आहे. स्कूटर घेतली नाही ती फुलेवाडीच्या पुढच्या खड्ड्यांच्या रस्त्यांमुळे, आणि मागच्या कॅरिअरवर पेटी पक्की बसते म्हणून. पेटीत जांभळ्या, राखाडी, लाल टोपणांच्या रिकाम्या नळ्या, हातमोजे, कापूस आणि वापरलेल्या सुया टाकायचा जाड पांढरा डबा असतो. घेतलेल्या नमुन्यांची थंड पिशवी मी बरोबर घेऊन जिना चढते, पेटी गाडीवर कुलपात राहते.

मी वर जाऊन दहा-पंधरा मिनिटांत खाली येते तोवर गाडीवर कुणीतरी बसलेलं असतं. शाळेसमोर असेल तर रिक्षाची वाट बघणारे पालक, क्लासच्या खाली असेल तर कॉलेजची मुलं, मंडईजवळ असेल तर पिशव्या सीटवर आणि माणूस टाकीवर. आरसा हमखास वळवलेला असतो, कारण त्यात केस विंचरून झालेले असतात. एकदा सीटवर चुन्याची बोटं पुसलेली होती. मी ते रुमालाने पुसलं आणि पुढच्या घरी जाऊन आधी हात धुवायला पाणी मागितलं. दुसऱ्याच्या दंडात सुई घालायची असते मला, माझ्या हाताला काय लागलंय हे मला माहीत असावं लागतं.

दोन प्रसंग सांगते, मग प्रश्न विचारते.

पहिला गंगावेशीतला. दूध कट्ट्यापासून थोड्या अंतरावर गाडी लावली होती. इथले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, तिथे म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. पिणारे उभ्याने पितात नाहीतर जवळच्या गाड्यांवर बसून. मी खाली आले तर तिघं माझ्या गाडीवर. एक टाकीवर रेलून, एकाचा पाय साडीगार्डवर, तिसरा पेटीला पाठ लावून. मी म्हटलं, "दादा, उतरा जरा, मला निघायचंय." टाकीवरच्याने माझ्या मागे बघितलं. माझ्या मागून कुणी पुरुष येतोय का, ते बघितलं. मग म्हणाला, "तुमची हाय व्हय गाडी?" चावी दाखवली तेव्हा तिघं एकदम उतरले, गाडी उजवीकडे हिंदकळली, मी हँडल धरलं म्हणून पडली नाही. त्या दिवसापासून साइड स्टँडवर ती आधीपेक्षा जास्त झुकते. कुणी वाईट बोललं नाही. पण मालक बाई आहे म्हटल्यावर उठायची घाई कुणाला नव्हती, हे मला दिसलं.

दुसरा प्रसंग याहून वाईट आहे आणि खरं तर त्यासाठीच लिहितेय. एका मंगल कार्यालयाच्या शेजारच्या घरात रक्त घ्यायला गेले होते. कळंब्याहून सलग गाडी मारत आलेली, इंजिन तापलेलं. पाच-सहा मिनिटांत लहान मुलाची किंकाळी ऐकू आली. लग्नाला आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या पोराला फोटोसाठी माझ्या गाडीवर बसवायला उजव्या बाजूने उचललं होतं आणि हाफ पँटमधली त्याची पोटरी सायलेन्सरच्या वाकाला टेकली होती. मी खाली धावले. मुलाला कार्यालयाच्या हात धुवायच्या नळाखाली घेऊन बसले, पाणी सोडलं आणि वीस मिनिटं सोडूनच ठेवलं. आजी टूथपेस्ट घेऊन आल्या, कुणी हळद म्हणालं, कुणी तूप. मी काहीही लावू दिलं नाही. फोड फोडायचा नाही, स्वच्छ ओला कपडा सैल गुंडाळून दवाखान्यात न्या, एवढं सांगितलं. सगळं झाल्यावर मुलाचे वडील मला म्हणाले, "लहान पोरं असतात अशा ठिकाणी असली गाडी लावायचीच कशाला?"

रस्ता सार्वजनिक, गाडी कडेला नीट लावलेली, चावी माझ्याकडे. तरी त्यांच्या डोळ्यात चूक माझी होती. त्या मुलाचा चेहरा मला आठवतो आणि राग येतो. माझी सीट वापरली म्हणून नाही. त्यांनी आधी कुणालाही "गाडी कुणाची, बसवू का?" एवढं विचारलं असतं, तर मी वरच्या खिडकीतूनही ओरडून सांगितलं असतं की गरम आहे, हात लावू नका.

तर विचारायचं असं. एक, भांडण न होता लोकांना उठवायचं कसं, तुम्ही नेमकं काय म्हणता? दोन, स्टँड असा झुकायला लागला तर तो दुरुस्त होतो का? तीन, कुणी असं चढून भाजलं किंवा गाडी अंगावर पडली तर कायदा कुणाला धरतो?

---

उद्यमनगर_मिस्त्री :

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. रोज तेच काम हाय आमचं.

साइड स्टँडवर गाडी तीन ठिकाणी टेकलेली असती. पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचं टोक. स्टँडवर जो भार येतो तो गाडीचा थोडासाच, बाकी सगळं वजन चाकांवर. आता डाव्या बाजूला पाय सोडून दोन माणसं बसली की त्यांचा सगळा रेटा स्टँडच्या बोल्टावर. बोल्टाचं भोक हळूहळू लांबट होतंय. त्याच्यापुढं गेलं की चेसीला वेल्ड केलेला पत्रा वाकतो. मग गाडी जादा कलायला लागती, जादा कलली की आणि जादा भार येतो. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकातच लिहिलंय की स्टँडवर असताना गाडीवर बसू नका. पुस्तक वाचतंय कोण.

तुमच्या गाडीचं बोल्ट आणि स्प्रिंग आधी काढून बघायला लागेल. भोकच लांबलं असंल तर बुश, म्हणजे आत बसणारं धातूचं कडं, मारून घेता येतं, लेथवाला शेजारीच हाय. पत्रा वाकला असंल तर तापवून सरळ करायचा आणि वरनं पट्टी वेल्ड करायची. नुसता स्टँडचा पाय वाकवून उंची वाढवून देणारे पण हाईत, तसलं करून घेऊ नका. गाडी मग जास्तच सरळ उभी राहती आणि जरा कुणी डावीकडनं धक्का दिला की उजवीकडं जाती.

आणि एक. स्टँड मिटतो मागच्या बाजूला. म्हणजे गाडी पुढं सरकली की स्टँड आपोआप मिटायला लागतो. टाकीवर बसून पोरं पुढं-मागं झुलत्यात ना, तिथंच गाडी जाती. त्यामुळं लावताना पहिल्या गेरमध्ये लावायची आणि हँडल डावीकडं वळवून लॉक. न्यूट्रलमध्ये कधी सोडायची नाही, उतारावर तर नाहीच. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं, तिथं स्टँडखाली चपटा दगड. पावसाळ्यात चिखल असंल तिथं पण तसंच.

परत आल्यावर सेल्फ मारला आणि गाडी उठलीच नाही तर घाबरू नका. आधी उजव्या मुठीजवळचं लाल बटण बघा. बसणारा माणूस हाताला चाळा म्हणून ते हमखास दाबतो. निम्म्या वेळा गिऱ्हाईक गाडी ढकलत आमच्यापर्यंत आणतंय आणि बटणच बंद असतंय.

पोराचं वाचून वाईट वाटलं. मागच्या नळकांड्यावर जाळी असती, पण इंजिनातनं निघतो तो वाकडा पाइप उघडा असतो. सगळ्यात तापतो तोच.

---

जुनी_एसटी :

मी सांगलीचा. एसटीत वाहक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ताईंचं सगळं पटलं, तरी दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर बसतो. दोन्ही गुडघे गेलेत. आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, त्याचे हे गुडघे. घरापासून मंडईपर्यंत चालत गेलो की मधे एकदा टेकायला लागतं. टेकायचं कुठे? रस्त्यावर बाकडं नाही. पूर्वी दुकानांना फळ्या असायच्या, ओटे असायचे, दुकानदार "बसा काका" म्हणायचा. आता काचेची दारं झाली, ओट्यांना लोखंडी दांडे लावले, काही ठिकाणी तर टोकदार गज लावलेत म्हणजे कुणी टेकूच नये. बसथांब्यावर गोल पाइप आहेत, त्यावर माझ्या वयाचा माणूस घसरतो. शेवटी उरते ती समोर उभी असलेली मोटारसायकल, सीट बरोबर कमरेच्या उंचीची.

मी चढत नाही, टाकीला हात लावत नाही. सीटच्या कडेला टेकतो, दोन मिनिटं श्वास घेतो आणि निघतो. जवळ कुणी असेल तर विचारतो, नसेल तर कुणाला विचारणार? दोनदा तरुण मुलांनी मला झिडकारून उठवलंय, एकाने "गाडी बापाची आहे का" म्हटलं. मी पंचाहत्तरीकडे आलेला माणूस. त्या दिवशी मंडईत न जाता घरी परत आलो.

ताई, तुमच्या गाडीला मी टेकलेला असेन तर तुम्ही मला काय म्हणाल, हे मला जाणून घ्यायचंय.

---

पंचगंगाकाठ :

काका, तुम्ही टेकलेले असाल तर मी म्हणेन, "बसा काका, माझं अजून पेटीतलं आवरायचंय." आणि खरंच मुद्दाम दोन मिनिटं आवरत बसेन. माझे निम्मे पेशंट तुमच्या वयाचे आहेत. लॅबपर्यंत चालवत नाही म्हणूनच तर मी घरी जाते. गुडघे दुखणारा माणूस सीटच्या कडेला टेकतो आणि तिघं जण टाकीवर बसून झुलतात, या दोन गोष्टी मी एका मापात घालत नाही.

ओट्यांवरच्या गजांचं तुम्ही लिहिलंत ते मी रोज बघते. महाद्वार रोडला अंबाबाईच्या दर्शनाहून आलेल्या बायका चपला हातात घेऊन जागा शोधत असतात. आमच्या नगरसेवकांना मी बाकड्यांसाठी अर्ज देणार आहे, खरंच. पण बाकडं नाही म्हणून माझी गाडी बाकडं होते, हेही मला मान्य नाही. बाकड्याला गरम सायलेन्सर नसतो आणि ते अंगावर कलंडत नाही. तुम्ही डाव्या बाजूने टेकत असाल तर तुमचा सगळा भार त्या बोल्टावर येतो, मिस्त्रींनी वर सांगितलंय. स्टँड गेला तर तुम्ही गाडीसकट खाली जाल. पंचाहत्तरीत खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते मी कितीतरी घरांत अंथरुणाशेजारी बसून बघितलंय. त्यामुळे काका, टेकायचंच झालं तर डबल स्टँडवर उभी असलेली, थंड गाडी बघून टेका.

आणि त्या मुलाने जे म्हटलं त्याचं मला फार वाईट वाटलं.

---

तटाकडील_तालीम :

मी मंगळवार-शिवाजी पेठेत वाढलोय, थोडं आमच्या बाजूनं पण. आमच्याकडं तालमीच्या दारात गाडी लावली की ती सगळ्यांची. कोण पण बसणार, कोण पण पुसणार, पंक्चर असंल तर कोण तरी न विचारता काढून आणणार. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असंल तर चावी मागायची सुद्धा गरज पडत नाही, गाडीतच असती. गणपतीत, फुटबॉलच्या मॅच असल्या की शाहू स्टेडियमच्या भायेर लावलेल्या गाड्यांवर बसूनच निम्मा निकाल लागतो. म्हणून आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. "माझी गाडी, बसू नको" म्हणणारा माणूसच आम्हाला परका वाटतो.

ताईंच्या गाडीला पेटी दिसत असताना तिला रेलायला नको होतं, तेवढं खरं. त्यात सुया असत्यात ते मला माहीत नव्हतं.

---

पंचगंगाकाठ :

दादा, तुमच्या पेठेत गाडी सगळ्यांची आहे कारण माणसं एकमेकांची आहेत. बसणाऱ्याला गाडी कुणाची ते माहीत असतं, आणि पडली तर उचलून दुरुस्त करून आणणाराही तोच असतो. ते मला मनापासून आवडतं. मी त्या दारात रोज येणारी नाही. मी फक्त कुणाच्या तरी आजीचं रक्त घ्यायला आलेली बाई आहे. माझा स्टँड वाकला तर त्या तिघांतला एकही मला पुन्हा दिसणार नाही, मिस्त्रीचे पैसे मीच देणार आणि त्या दिवशीच्या पुढच्या फेऱ्या मीच चुकवणार.

पेटीवर मी आता मोठ्या अक्षरांत "रक्त तपासणी, हात लावू नये" असं लिहून घेतलंय. तरी एकाने काल तिच्यावर हेल्मेट आणि पावभाजीचं पार्सल ठेवलं होतं.

---

तालुका_वकील :

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १९८ आहे. अधिकार किंवा वाजवी कारण नसताना उभ्या वाहनात शिरणं, ते हलवणं किंवा ब्रेकशी वा यंत्रणेच्या कुठल्याही भागाशी छेडछाड करणं हा त्याखाली गुन्हा आहे. दंड पूर्वी १०० रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो १,००० रुपये झाला. नुसतं सीटवर टेकणं यात बसतं का, यावर वाद घालता येईल. पण हँडल फिरवणं, गेर पाडणं, गाडी पुढे-मागे ढकलणं हे सरळ बसतं. मुद्दाम नुकसान केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे, जुन्या दंडविधानात ते ४२५ पासून पुढे होतं. मात्र त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होईल याची जाणीव दाखवावी लागते. गंगावेशीतल्या त्या तिघांवर ती दाखवणं कठीण.

आता तुमच्या बाजूचं. कलम १२२ सांगतं की वाहन दुसऱ्यांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा जागी सोडू नये. कलम १२६ सांगतं की चालक जागेवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. मोटारसायकलला कारसारखा हातब्रेक नसतो, म्हणून मिस्त्रींनी सांगितलेला पहिला गेर ही माझ्या मते ती तजवीज. तुम्ही नो-पार्किंगमध्ये नव्हता, सम-विषम तारखेच्या फलकाप्रमाणे योग्य बाजूला होता, इंजिन बंद होतं, चावी काढलेली होती. एवढं असताना गाडीवर मुलाला उचलून बसवणाऱ्या वडिलांनी दोष तुमच्यावर ढकलला तर तो टिकणं अवघड आहे. सवय एकच लावून घ्या, संवेदनशील जागी गाडी लावली की मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा, ज्यात गाडी आणि कडेचा फलक दोन्ही दिसतील.

विम्याचंही सांगतो, कारण स्टँड किंवा आरशासाठी लोक क्लेम टाकतात. स्वतःच्या नुकसानीचा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यावरची सूट, जातो. तो पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. आरशासाठी तो घालवू नका.

---

मडगावकर :

माझे वडील मडगावला मोटारसायकल पायलट होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेतात, त्यांच्या गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो आणि चालवणाऱ्याला पायलट म्हणतात.

स्टँडवर पायलट दिवसभर आपापल्या गाडीवर बसून असतात, गाडी हीच त्यांची खुर्ची. पण बाबा चहाला गेले आणि त्यांच्या गाडीवर दुसरा पायलट बसलाय, असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. बसायचंच असेल तर आधी हाक मारायचे, चहाच्या गाड्यावरून बाबांनी हात वर केला की मगच. बाबा म्हणायचे, सीटचा फोम दबला की गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीकडे जातं. संध्याकाळी घरी आले की आधी सीट आणि पायट्या पुसायचे, मग जेवायला बसायचे.

ताईंची गाडीही पोटापाण्याची आहे. हे ज्याच्या लक्षात येतं तो बसत नाही, असा माझा अनुभव. त्यामुळे पेटीवर लिहिलंत ते बरं केलंत, ते पुसू देऊ नका.

---

गोदाकाठची :

मी नाशिकला मोटारसायकलच चालवते, त्यामुळे "तुमची आहे का" आणि मागे पुरुष शोधणारी ती नजर मला चांगली माहीत आहे.

उठवायचं कसं, तर मी "उतरा" म्हणून सुरुवात करत नाही. लांबूनच, दहा पावलांवरून मोठ्याने म्हणते, "भाऊ, गाडी गरम आहे, उजवीकडे पाय लागू देऊ नका!" माणूस आधी स्वतःचा पाय बघतो, दचकतो आणि आपणहून उतरतो. त्याला कुणी हाकललं असं वाटत नाही, म्हणून तो भांडतही नाही. गाडी थंड असेल तेव्हा म्हणते, "स्टँड ढिला आहे, सांभाळून एकेक उतरा." तुमचा तर खरोखरच ढिला आहे. एकेक हा शब्द महत्त्वाचा, तिघं एकदम उतरले की काय होतं ते तुम्ही पाहिलंत.

लहान मूल वर असेल तर मी काहीच बोलत नाही. आधी जाऊन हँडल धरते, मग बोलते.

आणि चावी आधीच हातात, दिसेल अशी. मालक कोण हे तोंडाने सांगावं लागत नाही.

---

पंचगंगाकाठ :

गोदाकाठची ताई, हे लांबूनच ओरडायचं मला सुचलं नव्हतं. आज राजारामपुरीत करून बघितलं. दोन मुली होत्या सीटवर, लगेच उतरल्या आणि "काकू, भाजलं नाही ना कुठं" म्हणून स्वतःच्या पोटऱ्या बघायला लागल्या. मग त्यांना सायलेन्सरचा वाक कुठला ते दाखवलं.

वकीलसाहेब, कलमं लिहून ठेवलीत. मुलाच्या घरी मी चौथ्या दिवशी चौकशीला गेले होते. जखम सुकत होती, पू नव्हता. वडील त्या दिवशी नीट बोलले, पाणी दिलं.

मिस्त्री, उद्या गाडी घेऊन येते. एकच शंका. पेटी भरलेली असताना मला गाडी डबल स्टँडवर घेता येत नाही, हात भरून येतात. दर घरी ते जमेल का?

---

उद्यमनगर_मिस्त्री :

हातानं उचलायचीच नसती ताई. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, गाडी सरळ करायची. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीला नुसता धरायला. उजव्या पायानं स्टँडचं टोक दाबायचं आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्यात का ते आवाजानं, हाताला जाणवतंय. टेकले की अंगाचा सगळा भार त्या उजव्या पायावर टाकून उभं राहायचं. गाडी आपोआप मागं वर चढती. हात फक्त दिशा द्यायला. उद्या या, चार वेळा करून घेतो.

पण दर घरी नको करू. डबल स्टँडचे दोन पाय जवळजवळ असत्यात, त्याच्यावर पण एकाच बाजूला दोघं लटकली की गाडी त्या बाजूला जातीच. दहा मिनिटांच्या कामाला साइड स्टँड, पहिला गेर, हँडल लॉक, बास.

पोरांच्या भाजण्यासाठी दुसरं करा. सायलेन्सर उजवीकडं हाय, तेव्हा गल्लीत गाडीची उजवी बाजू भिंतीकडं करून, वीतभर जागा ठेवून लावायची. तिकडनं कुणाला चढताच येत नाही. मेन रोडला रांगेत लावायला लागती तिथं उजवीकडं शेजारची गाडी येईल अशी जागा बघायची, रांगेच्या उजव्या टोकाला लावायची नाही. साडेनऊच्या आत आलात तर लेथवाला पण मोकळा असतो.